गरम पाणी थंड पाण्याआधी गोठतं का? फ्रीझर, बर्फाची लादी आणि कुल्फीचा हिशेब

प्रश्न कोल्हापूरच्या एका सरबत-सोड्याच्या दुकानातून आला आहे. दुकान घरगुती फ्रीजवर चालतं, एप्रिल-मेमध्ये बर्फ पुरत नाही, आणि कुणीतरी ठामपणे सांगितलंय की ट्रेमध्ये गरम पाणी ओता, ते लवकर गोठतं. हे खरं का? शिवाय घरातल्या मुलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हाच प्रयोग मांडायचा आहे, तो कसा करावा?

आधी उत्तर देतो, मग कारणं. दोन्ही भांडी सारखी, पाणी वजनाने सारखं, दोन्हींवर झाकण आणि फ्रीझरमधली जागा एकच, असं असेल तर थंड पाणी आधी गोठतं. घरातल्या फ्रीझरमध्ये मात्र यातली एखादी तरी गोष्ट हमखास वेगळी असते. त्यामुळे गरम पाणी कधीकधी खरंच आधी गोठलेलं दिसतं. ज्यांनी ते पाहिलं ते खोटं बोलत नाहीत. पण बर्फ वाढवायचा उपाय म्हणून गरम पाणी ओतणं तोट्याचंच आहे.

हिशेब असा. १ किलो पाणी १ अंशाने निववायला ४.१८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शून्य अंशाच्या १ किलो पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला ३३४ किलोज्यूल काढावे लागतात. हाच शाळेच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा. म्हणजे ३० अंशांच्या १ किलो पाण्याचा बर्फ करायला १२५ आणि ३३४ मिळून ४५९ किलोज्यूल. ८० अंशांच्या पाण्याला ३३४ आणि ३३४ मिळून ६६८. गरम पाण्यातून जवळजवळ दीडपट उष्णता काढायची आहे.

यावर लोक म्हणतात, गरम पाणी निवतंही वेगाने. बरोबर आहे. फ्रीझर उणे १८ वर असेल तर ८० अंशांच्या पाण्याचा हवेशी फरक ९८ अंशांचा, ३० अंशांच्या पाण्याचा ४८ अंशांचा, म्हणून सुरुवातीला गरम पाणी दुपटीने उष्णता टाकतं. पण निपाणीहून कोल्हापूरला येणारी एसटी कितीही जोरात आली तरी कागलवरूनच येते, आणि ती कागलला पोचेपर्यंत कागलहून सुटलेली गाडी पुढे गेलेली असते. ८० चं पाणी कधीतरी ३० वर येणारच. त्या क्षणी ते ३० अंशांचं साधं पाणी आहे, आणि तिथून पुढे त्याला शेजारच्या पाण्याइतकाच वेळ लागायला हवा. ते पुढे जाणार असेल तर ८० पासून ३० पर्यंतच्या प्रवासात त्याच्यात किंवा त्याच्या आजूबाजूला काहीतरी कायमचं बदललेलं असलं पाहिजे. काय बदललं, एवढाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

आता वेळेचा अंदाज. स्टीलचा साधा पेला, २०० ग्रॅम पाणी, वर झाकण, पंखा नसलेला फ्रीझर उणे १८ वर. ३० अंशांचं पाणी शून्यावर यायला साधारण १ तास लागतो. ८० अंशांचं पाणी शून्यावर यायला पावणेदोन तास. त्यानंतर दोघांनाही पूर्ण घट्ट व्हायला आणखी सुमारे ४ तास ४० मिनिटं. शेवटचा टप्पा इतका लांबतो, कारण तिथे फरक फक्त १८ अंशांचा उरतो आणि काढायची असते सगळी अप्रकट उष्णता. एकूण वेळ थंड पाण्याला ५ तास ४० मिनिटं, गरम पाण्याला साडेसहा तासांच्या आत. पंख्याच्या फ्रीझरमध्ये हे आकडे बरेच खाली येतात, प्रमाण मात्र असंच राहतं.

इथे थोडं थांबून पाहा. सहा तासांच्या कामात थंड पाण्याची आघाडी फक्त पाऊण तासाची, म्हणजे आठवा हिस्सा. एका पेल्यातून उष्णता जाण्याचा वेग दुसऱ्यापेक्षा पंधरा टक्क्यांनी जास्त असला की निकाल उलटतो. आणि घरगुती फ्रीझरमध्ये दोन जागांमध्ये एवढा फरक सहज असतो. मागची बाजू, दाराची बाजू, तळाच्या पत्र्याला टेकलेला ट्रे, मटाराच्या पिशवीवर तिरपा बसलेला ट्रे, या सगळ्यांचे वेग वेगळे. म्हणून एकदा दोन ट्रे ठेवून काढलेल्या निष्कर्षाला काही अर्थ नसतो, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

गरम पाणी जिंकतं तेव्हा काय झालेलं असतं?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फ्रीझरच्या तळावर साचलेला पांढरा भुसभुशीत बर्फ. साध्या एकदारी डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये ट्रे थेट थंड पत्र्यावर बसतो आणि उष्णता मुख्यतः तळातून जाते. मधे ३-४ मिलीमीटर भुसभुशीत बर्फ असेल तर तो ब्लँकेटचं काम करतो, कारण त्यात हवा भरलेली असते. घट्ट बर्फातून जेवढी उष्णता जाते तिच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी यातून जाते. गरम ट्रे ठेवला की हा थर वितळतो, ट्रे खाली बसतो, वितळलेलं पाणी पुन्हा गोठून ट्रे आणि पत्रा एकजीव होतात. शेजारचा थंड ट्रे अजून ब्लँकेटवरच असतो. इथे गरम पाणी खरंच जिंकतं, आणि पाऊण तासाची आघाडी मोडून जिंकतं. पण हा पाण्याचा गुण नव्हे. फ्रीझर डीफ्रॉस्ट केलात, पुसून कोरडा केलात, तर थंड ट्रेलाही तोच फायदा मिळतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये तळाला बर्फ साचत नाही आणि थंडावा पंख्याच्या हवेने येतो, त्यामुळे हे कारण तिथे जवळजवळ लागू पडत नाही. एकाच घरात जुन्या फ्रीजवर अनुभव एक आणि नव्या फ्रीजवर दुसरा, असं होतं ते यामुळे.

दुसरं कारण बाष्पीभवन. उघड्या भांड्यातलं गरम पाणी वाफेतून उष्णता टाकतं. १ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं की उरलेल्या पाण्यातून सुमारे २.४ किलोज्यूल जातात. शिवाय उडालेलं पाणी गोठवायची गरजच उरत नाही. १०० अंशांचं पाणी केवळ बाष्पीभवनाने शून्यावर आलं असं धरलं, तर त्याचा सुमारे १६ टक्के भाग उडून जातो. जॉर्ज केल यांनी १९६९ मध्ये याच पायावर हिशेब मांडला होता. खऱ्या फ्रीझरमध्ये बरीचशी उष्णता भांड्याच्या भिंतीतूनही जाते, त्यामुळे एवढी घट होत नाही. वरच्या पेल्याचं झाकण काढलं आणि १० ग्रॅम पाणी उडालं असं धरलं, तर निवण्याचा वेळ पावणेदोन तासांवरून दीड तासाच्या आत येतो आणि गोठण्याचे आणखी पंधराएक मिनिट वाचतात. थंड पाण्याची पाऊण तासाची आघाडी दहा-पंधरा मिनिटांवर येते. त्यात थोडा जागेचा फरक मिसळला की गरम पाणी पुढे. पसरट भांड्यात हा परिणाम आणखी मोठा, कारण पृष्ठभाग जास्त. लक्षात घ्या, इथे गरम पाण्याचा बर्फ कमी भरतो. दोन्हींचं वजन शेवटी केलं नाही तर ही गोष्ट नजरेतून सुटते.

उडालेली वाफ फ्रीजबाहेर जात नाही, हेही विसरू नका. ती थंड पत्र्यावर किंवा कॉइलवर जाऊन बर्फ होते आणि घेतलेली सगळी उष्णता तिथे परत देते. पेल्यातून गेलेली ती उष्णता शेवटी कंप्रेसरलाच बाहेर टाकावी लागते, वर पत्र्यावर भुसभुशीत बर्फाचा थर वाढतो.

तिसरं कारण नाजूक आहे, पण प्रयोग करणाऱ्याला सगळ्यात जास्त तेच फसवतं. पाणी शून्याला पोचलं की लगेच गोठतं असं नाही. बर्फाचा पहिला कण तयार व्हायला एखादं बीज लागतं: धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा, भांड्याच्या काठावरचा बर्फ. ते मिळेपर्यंत पाणी उणे ४, उणे ६, उणे ८ अंशांपर्यंत द्रवच राहू शकतं. याला अतिशीतन म्हणतात. अतिशय शुद्ध पाण्याचे बारीक थेंब तर उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव ठेवता आले आहेत. बीज कधी लागेल हे बऱ्याच अंशी दैवावर आणि त्या विशिष्ट भांड्यावर अवलंबून असतं. गरम पाण्याच्या पेल्यात उणे २ ला बीज लागलं आणि थंड पाण्याच्या पेल्यात उणे ७ पर्यंत लागलंच नाही, तर बर्फ आधी गरम पेल्यात दिसणार. जेम्स ब्राउनरिज यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा रोख हाच आहे: थंड नमुना जास्त खोल अतिशीतनात गेला तरच गरम नमुना पुढे जातो.

विरघळलेल्या हवेचं कारण बरेच जण पुढे करतात. उकळल्यावर हवा निघून जाते हे खरं. पण हवेमुळे गोठणबिंदूत पडणारा फरक अंशाच्या काही हजाराव्या भागाएवढा आहे, तो इथे मोजायचीही गरज नाही. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. उकळल्यावर पाण्यातले बायकार्बोनेट चुन्यासारखे तळाला बसतात आणि क्षार कमी होतात, पण गोठणबिंदूतला बदल अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. या दोन्ही गोष्टींचा परिणाम झालाच तर बीज लागण्यावर होईल, वेगावर नाही.

पाण्याच्या आतला प्रवाह मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दहावीला होपच्या उपकरणाने शिकवतात ते पाण्याचं असंगत आचरण इथे कामाला येतं. ४ अंशांवर पाणी सगळ्यात जड. त्याच्या वर निवणारं पाणी खाली बसतं, त्याच्या खाली निवणारं पाणी वर तरंगतं. म्हणजे ४ अंशांपाशी प्रवाह उलटतो आणि पेल्यात वर-खाली वेगवेगळं तापमान राहतं. हेन्री बरिज आणि पॉल लिंडेन यांनी २०१६ मध्ये गरम आणि थंड पाणी शून्यावर यायला लागणारा वेळ काळजीपूर्वक मोजला. गरम पाणी आधी शून्यावर येतं याला त्यांना पुरावा सापडला नाही. तापमापी सेंटिमीटरभर वर-खाली झाली तरी निकाल उलटा दिसू शकतो, हेही त्यांनी दाखवलं. घरी प्रयोग करणाऱ्यांनी हा मुद्दा पक्का ध्यानात ठेवावा.

या प्रकाराला 'एम्पेंबा परिणाम' म्हणतात ते एका शाळकरी मुलामुळे. इकडे कोल्हापुरात गोकुळ दूध संघ स्थापन झाला त्याच १९६३ साली, टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) मगांबा शाळेत एरास्टो एम्पेंबा हा मुलगा वर्गमित्रांबरोबर आइस्क्रीम करत होता. दूध उकळून, साखर घालून, निववून फ्रीझरमध्ये ठेवायची पद्धत. फ्रीझरमधली जागा संपत आली म्हणून त्याने दूध गरमच ठेवलं आणि ते न उकळता ठेवलेल्या मित्राच्या दुधाआधी गोठलं. शिक्षकांनी त्याचं ऐकून घेतलं नाही, वर्गात हसं झालं. पुढे दार-ए-सलामहून व्याख्यानाला आलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑसबोर्न यांना त्याने तोच प्रश्न विचारला. त्यांनी तो गंभीरपणे घेतला, प्रयोग करवून पाहिले आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख 'फिजिक्स एज्युकेशन' या नियतकालिकात आला. मुलाने जे पाहिलं ते लपवलं नाही, आणि प्राध्यापकाने ते हसण्यावारी नेलं नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने एवढं केलं तरी पुष्कळ. पण त्याचं भांडं उघडं होतं का, दूध सारखं होतं का, तळाला बर्फ होता का, हे प्रश्न त्या घटनेलाही लागू आहेतच.

त्याच्याही आधी अॅरिस्टॉटल, फ्रान्सिस बेकन आणि देकार्त यांनी असं काहीतरी लिहून ठेवलं आहे. २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने सर्वोत्तम स्पष्टीकरणाला १००० पौंडांचं बक्षीस लावलं. २२ हजारांहून जास्त उत्तरं आली आणि बक्षीस झाग्रेबच्या निकोला ब्रेगोविच यांना मिळालं. २०२० मध्ये कॅनडात कुमार आणि बेकहोफर यांनी पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म मण्यावर प्रयोग करून दाखवलं की खास रचलेल्या व्यवस्थेत 'जास्त तापलेलं आधी निवतं' हे खरंच घडू शकतं. त्यामुळे हे तत्त्वतः अशक्य आहे असं म्हणणं चूक. पण तो मणी म्हणजे तुमचा बर्फाचा ट्रे नव्हे.

उकळतं पाणी हवेत फेकताच बर्फाचा ढग होतो, असे व्हिडिओ फिरतात. तो वेगळा विषय आहे. तिथे उणे ३० अंशांच्या आसपासची हवा लागते, आणि गरम पाणी पटकन वाफ आणि बारीक थेंब होतं म्हणून ते दिसतं. फ्रीझरशी त्याचा संबंध नाही.

धंद्यात काय करतात ते पाहा. लादीच्या कारखान्यात १३६ किलोच्या, म्हणजे जुन्या ३०० पौंडी लादीचा डबा तोंडाशी सुमारे २८ सेंटिमीटर रुंद असतो. तो उणे १० अंशांच्या ब्राइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, बुडवलेला असतो. वेळेचा जुना सूत्रबद्ध अंदाज असा: जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ०.६ ने गुणा आणि ब्राइन शून्याखाली जितके अंश असेल त्याने भागा. २८ चा वर्ग ७८४, गुणिले ०.६, भागिले १०, म्हणजे सुमारे ४७ तास. बर्फ स्वतःच उष्णतेला आडवा येत जातो, म्हणून जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. गरम पाण्याने काही फायदा होत असता तर दोन-दोन दिवस डबे अडकवून बसणाऱ्या कारखानदाराने तो कधीच सोडला नसता. तो उलट करतो: पाणी आधी थंड करून मगच डब्यात भरतो. १ टन बर्फासाठी ३० ऐवजी ८० अंशांचं पाणी घेतलं तर सुमारे २०९ मेगाज्यूल, म्हणजे ५८ युनिट उष्णता जादा काढावी लागते. कंप्रेसर विजेच्या एका युनिटमागे तीन युनिट उष्णता उचलतो असं धरलं, तरी टनामागे १९-२० युनिट वीज फुकट गेली.

दुधाच्या प्लांटमध्येही हेच. पाश्चरायझेशनला ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवलेलं दूध तसंच चिलरकडे पाठवत नाहीत. आत येणाऱ्या थंड दुधाला ते आपली उष्णता देतं, आणि निवल्यावरच चिलरचा नंबर लागतो.

कुल्फीवाल्यांसाठी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. गरम आटीव दूध थेट साच्यात ओतून फ्रीझरमध्ये ठेवू नका. १ किलो आटीव दूध ८० वरून ३० वर आणायला १७५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढावी लागते. बर्फ-मिठाच्या पॉटमध्ये हे काम करवलंत तर नुसतं तेवढ्यासाठी अर्धा किलोहून जास्त बर्फ वितळतो. साध्या नळाच्या पाण्यात पातेलं ठेवून, दूध सतत ढवळत, पाणी दोन वेळा बदलून तेच काम अर्ध्या तासात जवळजवळ फुकट होतं. मग बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून १० अंशांपर्यंत, मग झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात किमान ४ तास, आणि मग साचे. या मुरण्यात म्हशीच्या दुधातली चरबी घट्ट होते आणि कुल्फीला अंग येतं. गरम साचे फ्रीझरमध्ये गेले की दुसरंही नुकसान होतं. शेजारच्या तयार कुल्फ्या वरून सैल होतात, त्यांचे बारीक स्फटिक वितळून पुन्हा गोठताना मोठे होतात आणि कुल्फी खरखरीत लागते. मिश्रण ६० पासून २० अंशांपर्यंत जितकं पटकन खाली येईल तितकं ते टिकतं, त्यामुळे मोठं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवणंही बरं नाही. पॉटमध्ये बर्फ ३ भाग आणि खडेमीठ १ भाग, वजनाने. बर्फ-मिठाचं मिश्रण कमीत कमी उणे २१ पर्यंत जाऊ शकतं, पॉटमध्ये प्रत्यक्षात उणे १२ ते १५ मिळालं तरी काम होतं. खाण्यासाठी नसलेली लादी महाराष्ट्रात निळसर रंग घालून विकली जाते. ती फक्त पॉटच्या बाहेरच्या बाजूला वापरा, सरबतात कधीच नको.

मुलीचा प्रयोग

आधी ठरवा की 'गोठलं' म्हणजे काय. तीन वेगळ्या वेळा नोंदवायच्या: पाणी शून्यावर आलं ती, बर्फ सुरू झाला ती, आणि मध्यभाग उणे १ च्या खाली गेला ती. शेवटची वेळ म्हणजे पूर्ण गोठणं. बहुतेक वाद या तीन वेळा एकमेकींत मिसळल्यामुळे होतात.

एकाच संचातले स्टीलचे दोन पेले घ्या, काच नको. गरम काचेचा ग्लास फ्रीझरमध्ये तडकतो. पेल्यांवर अ आणि ब लिहा. पाणी एकदम उकळून घ्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही तर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तापमापीत ९८ दिसलं म्हणून ती बिघडली असं समजू नका. त्याच पाण्यातलं अर्धं झाकून २५ अंशांपर्यंत निवू द्या, अर्धं ७५ वर वापरा. दोन्ही एकाच उकळीतलं असल्याने हवा आणि क्षारांचा वाद बराचसा मिटतो. किचनच्या डिजिटल काट्यावर प्रत्येकी २०० ग्रॅम वजन करूनच घ्या, कारण गरम पाणी मापाने घेतलं तर वजनाला कमी भरतं.

फ्रीझर आदल्या दिवशी डीफ्रॉस्ट करून कोरडा करा. पेल्याखाली २० मिलीमीटर जाडीचा थर्माकोल ठेवा, म्हणजे तळाच्या पत्र्याचा प्रश्नच उरत नाही. तापमानाचा सेन्सर म्हणून पाण्यात बुडणारा डीएस१८बी२० स्वस्त आणि पुरेसा आहे. आर्डुइनोला, म्हणजे नोंदी घेणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, जोडताना डेटा आणि पाच व्होल्टच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, तो विसरला तर वाचन येत नाही. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची, म्हणून आधी कुटलेला बर्फ आणि पाणी ढवळून त्यात प्रत्येक सेन्सर ठेवा. शून्याऐवजी जे दिसेल तो फरक पुढच्या सगळ्या नोंदींतून वजा करा. सेन्सर झाकणाच्या भोकातून सोडून पाण्याच्या बरोबर मध्यावर, भिंतीला न टेकता लटकवा. दोन्ही पेल्यांत खोली एकच हवी, पट्टीने मोजून. दर मिनिटाला नोंद.

दोन्ही पेले एकाच वेळी फ्रीझरमध्ये ठेवू नका. गरम पेला हवा तापवतो आणि त्याचा भुर्दंड थंड पेल्यालाही बसतो. एका वेळी एकच, तीच जागा, आणि सुरुवातीला फ्रीझर उणे १८ वर आलेला. नंतर अदलाबदल: आधी अ मध्ये गरम पाणी, मग ब मध्ये. कुठलं आधी करायचं ते नाणं उडवून ठरवा. झाकण घालून गरम-थंडच्या किमान सहा जोड्या, मग झाकण काढून तेवढ्याच. प्रत्येक वेळी शेवटी पेल्याचं वजन करून किती पाणी उडालं ते लिहा. आलेखात रेघ शून्याखाली जाऊन अचानक शून्यावर उडी मारते तिथे अतिशीतन संपून बर्फ सुरू झाला असं समजायचं. ती उडी हा या प्रयोगातला सगळ्यात देखणा भाग आहे, तो तक्त्यावर मोठा काढा. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर तो पुसू नका. वजन, जागा, सेन्सरची खोली आणि अतिशीतन या चार गोष्टी आधी तपासा. परीक्षकांना त्याच ऐकायच्या असतात. गरम पाणी ओतायचं काम मोठ्या माणसाने करावं.

आणि दुकानाचा बर्फ. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी सहज ४० अंशांवर असतं. ते थेट ट्रेमध्ये जात असेल तर तिथेच तोटा आहे. उणे १५ पर्यंतच्या १ किलो बर्फासाठी त्यातून ५३० किलोज्यूलच्या वर काढावे लागतात. तेच पाणी रात्रभर माठात ठेवून २५-२६ अंशांवर आलं की साठेक किलोज्यूल वाचतात, म्हणजे अकरा-बारा टक्के, आणि तेही विजेशिवाय. ट्रे पसरट आणि अॅल्युमिनियमचे घ्या, पाण्याची खोली दोन सेंटिमीटरच्या वर नको. डायरेक्ट कूल फ्रीज असेल तर पत्रा पुसून घ्या आणि ट्रेखाली चमचाभर पाणी सोडा. ते गोठून ट्रे पत्र्याला चिकटतो आणि गरम ट्रेचा जो फायदा लोक सांगतात तो गरम पाण्याशिवाय मिळतो. काढताना ट्रेखाली ओलं फडकं फिरवलं की सुटतो. भुसभुशीत बर्फ ५-६ मिलीमीटर झाला की डीफ्रॉस्ट करा. सुरीने खरवडू नका, पत्र्यातली नळी फुटून गॅस जातो, आणि बऱ्याच नव्या फ्रीजमधला गॅस ज्वलनशील असतो. थर्मोस्टॅटही बघा: फ्रीझर उणे १८ ऐवजी उणे १२ वर असेल तर बर्फाला जवळपास दीडपट वेळ लागतो. तयार बर्फ ट्रेमध्येच ठेवू नका. पिशवीत काढून बाजूला ठेवा आणि ट्रे लगेच पुन्हा भरा. हे सगळं करूनही दिवसाला पाच-सहा किलोच्या वर बर्फ लागत असेल, तर घरगुती फ्रीजवर जोर काढण्यापेक्षा डीप फ्रीझर घ्या किंवा खाण्याची लादी रोज विकत आणून थर्माकोलच्या पेटीत ठेवा.